मोजण्यापुरता

"हे बघा," मर्ल क्रॅबट्रीने भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं. "तुमचं घर इथे येतं, मिस व्हर्नेल. म्हणजे रेषेच्या बाहेर."

व्हर्नेल गेन्सने चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. आमच्या केलर बेंडचा नकाशा पळीसारखा दिसतो. नदीच्या वळणात गोल गाव, आणि त्यातून पूर्वेला निघालेला लांबलचक दांडा. दांडा म्हणजे जुना महामार्ग, नुसता डांबराएवढा रुंद. टोकाला तुरुंग. बुटांचा कारखाना बंद पडला आणि गाव रिकामं होत चाललं, तेव्हा नगरपालिकेने तेवढा रस्ता हद्दीत घेतला. रस्त्याबरोबर तुरुंगही आत आला. कैदी जिथे कोंडलेला असतो तिथलाच रहिवासी म्हणून जनगणनेत धरला जातो. झालं, गावाचं शहर झालं. अनुदान वाढलं, वेशीवरच्या फलकावर पाच हजार दोनशे हा आकडा चढला. त्यातले दोन हजार लोक कधी बाजारात दिसत नाहीत, याचं आम्हाला काही वाटलं नाही.

रस्त्याकडेची घरं मात्र कोणी आत घेतली नाहीत. घरं घेतली की पाणी द्यावं लागतं, गटारं द्यावी लागतात. कैद्यांचं पाणी आणि गटार सरकार बघतं.

व्हर्नेलचं घर त्या दांड्याच्या टोकाला, शहराच्या फलकाशेजारी, रस्त्याकडेच्या चराच्या पलीकडे होतं. तिच्या मुलाला, रॉयसला, इथल्या तुरुंगात आणलं तेव्हा ती शिकागोचं घर विकून त्याच्या मागोमाग आली. इथल्या वृद्धाश्रमात कामाला लागली. टेकडीवरच्या आमच्या दफनभूमीत हल्लीच्या काळात गेलेल्या निम्म्या माणसांना तिनेच शेवटचं न्हाऊमाखू घातलं, त्यांचे केस विंचरले, टाय बांधले. मर्ल आमचा महापौर. त्याच्या आईच्या ओठांना रंगही तिनेच लावला होता.

रविवारी रॉयस न्यूमोनियाने गेला. सुटायला एक वर्ष उरलं होतं. आईने जागा दाखवली तर तुरुंग त्याचा देह तिच्या ताब्यात देणार होता. नाहीतर भिंतीमागच्या माळावर पुरणार, आणि वर नंबर घातलेली खुंटी ठोकणार. टेकडीवरची दफनभूमी शहराची. तिथे फक्त रहिवासी आणि त्यांच्या घरचे.

"मी आपली स्वतःला इथलीच समजत होते," व्हर्नेल म्हणाली.

"इथल्याच आहात हो. कोण नाही म्हणतंय?" मर्ल वाईट माणूस नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो. "पण नियम हद्दीप्रमाणे आहे. आज तुमच्यासाठी वाकवला तर उद्या सगळी पंचक्रोशी माझ्या दारात उभी राहील."

ती नकाशासमोर तशीच उभी राहिली. दांड्याच्या टोकाशी तुरुंगाचा चौकोन होता, ठळक रेषेच्या आत.

"मग माझं राहू दे," ती म्हणाली. "रॉयसचं बघा. तो तर आत आहे ना?"

टायपिंग करणाऱ्या कारकून बाईंचे हात थांबले. मर्लने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"आत आहे, पण तो काही रहिवासी नव्हे, मिस व्हर्नेल."

"फलकावर धरलाय की त्याला."

"तो मोजण्यापुरता."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं असावं. त्याने घाईघाईने कॉफी विचारली. तिने नको म्हणून मान हलवली. मग आपल्या घरावर, रेषेच्या बाहेर, तिने बोट ठेवलं.

"आणि इथे? इथे तुमचा नियम चालतो?"

"तिथे कुठला चालायला?" मर्लला सुटल्यासारखं वाटलं. "चराच्या पलीकडे आमचं काही चालत नाही."

गुरुवारी मर्ल एका कामगाराला घेऊन दांड्याच्या टोकाला गेला. जुना फलक गंजला होता, नवा लावायचा होता. 'केलर बेंडमध्ये आपलं स्वागत आहे', आणि खाली लोकसंख्या. गाडीतून उतरला आणि तिथेच थबकला. फलकापासून हाकेच्या अंतरावर, व्हर्नेलच्या परसात, ताज्या मातीचा ढीग होता. वृद्धाश्रमातल्या चार बायका काळे कपडे घालून परत निघाल्या होत्या. रॉयसला व्हर्नेलने स्वतः आंघोळ घातली होती. निळा सूट चढवला होता. कंगवा तिने सवयीने हातात घेतला, पण तुरुंगाने त्याच्या डोक्यावर विंचरण्याइतके केस ठेवले नव्हते.

"मिस व्हर्नेल," मर्ल रस्त्यावरूनच म्हणाला, "शहराच्या तोंडावर हे असं..."

"चराच्या पलीकडे आहे," ती म्हणाली.

कामगाराने नवा फलक खांबाला टेकवला आणि स्क्रू शोधू लागला. व्हर्नेल हातावरची माती झटकत चरापर्यंत आली. तिने फलक वरपासून खालपर्यंत वाचला.

"आकडा तोच?"

"पुढच्या जनगणनेपर्यंत तोच राहतो," मर्ल खाली बघत म्हणाला. "अजून सात वर्षं. माझ्या हातात असतं तर मी एक कमी केला असता."

"कशाला?" व्हर्नेल म्हणाली. "मोजायला राहू दे त्याला तुमच्याकडे. माझं पोरगं मी बाहेर काढलं."