होडीवरचं नाव

"ही कांचन कोण?" जयवंतरावांनी विचारलं.

"मला काय ठाऊक? होडी तुमची," जगदेवराव पेंटर म्हणाले आणि शेवटच्या अक्षरावरून त्यांनी पांढऱ्या रंगाचा आणखी एक हात फिरवला.

नाव झकास उतरलं होतं. घडियाळी पोळाच्या गल्लीत चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला हात तो. निळ्या लाकडावर गुजरातीत ठसठशीत ‘कांचन’ आणि त्याखाली नोंदणीचा नंबर. खोट एवढीच, की जयवंतरावांच्या बायकोचं नाव वसुंधरा.

जयवंतरावांनी जगदेवरावांच्या गुडघ्याखालचा नोंदणीचा कागद ओढून घेतला. होडीचं नाव, कांचन. खाली सही, त्यावर गोल शिक्का. कागद आल्या दिवशी त्यांनी फक्त शिक्का पाहिला होता आणि देवापुढे ठेवून दिला होता.

"पुसा ते," ते दबक्या आवाजात म्हणाले. "वसुंधरा लिहा."

"जुओ, बघा जयवंतराव, मी कागदात असतं तेच रंगवतो. पुसायला माझं काय जातंय? पण पाच वाजेपर्यंत नोंदणी खात्याला होडीचा फोटो पाठवायचाय ना तुम्हाला? कागदावर एक आणि होडीवर एक असलं की होडी नापास. मग दुरुस्तीचा अर्ज करा आणि बसा दिवाळीपर्यंत."

दिवाळीपर्यंत बसायला जयवंतरावांना वेळ नव्हता. जून लागला होता. मागच्या पावसाळ्यात तरसालीत त्यांच्या घरात कमरेइतकं पाणी आलं, तेव्हा ते भाचीच्या लग्नासाठी कोल्हापूरला होते आणि वसुंधराबाई दोन दिवस गच्चीवर एकट्या बसून होत्या. सोबत बिस्किटांचा पुडा आणि छत्री. परतल्यावर जयवंतरावांनी त्यांची माफी वगैरे मागितली नाही. तसली सवय नव्हती. त्यांनी चांदोदच्या एका नावाड्याची जुनी होडी विकत घेतली, टेम्पोत घालून आणली आणि अंगणात ठेवली. सगळी सोसायटी हसली. हसेनात का! बायकोला पुन्हा तसं एकटं बसू द्यायचं नाही, हे त्यांचं ठरलं होतं.

आणि नोंदणीचा फॉर्म भरताना ते मोठ्या ऐटीत म्हणाले होते, "होडीला तुझं नाव घाल."

गॅसपासून पेन्शनपर्यंत घरातले सगळे फॉर्म वसुंधराबाईच भरत. जयवंतराव सही करत. तेवढं काम त्यांनी याही वेळी चोख केलं होतं.

"खात्यानं घोळ घातलाय," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या तरी बायकोचं नाव माझ्या होडीला चिकटवलंय."

"असेल. पण घरात पटेल का हे?" जगदेवरावांनी ब्रश पुसत विचारलं. "माझ्या घरात पटलं नसतं."

बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांच्या नावावर एकही भानगड नव्हती. आता सत्तरीला आल्यावर ती अंगणात उभी होती, आठ इंची अक्षरांत.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार वाजलं. वसुंधराबाई चहा घेऊन येत होत्या. जयवंतराव दोन ढांगांत होडीला पाठ लावून उभे राहिले.

"अहो, ओला आहे!" जगदेवराव ओरडले.

"असे काय उभे राहिलात?" वसुंधराबाईंनी विचारलं.

"वारा छान येतोय इथे."

"झाडाचं पान हलत नाहीये. सरका, नाव बघू दे."

जयवंतराव सरकले नाहीत. मग जगदेवरावांनीच चहा घ्यायला हात पुढे केला आणि जयवंतरावांना थोडं बाजूला व्हावं लागलं. होडीवर नाव फिसकटलं होतं, पण वाचता येत होतं. जयवंतरावांच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवरही ते उमटलं होतं, उलटं.

वसुंधराबाईंनी दोन्हींकडे पाहिलं. जयवंतरावांना राहवेना.

"अगं, खात्याची चूक आहे ही. मी तुझंच नाव घालायला सांगितलं होतं, तुझ्यासमोर. हे कुठून आलं कोण जाणे. देवाशपथ सांगतो, या बाईला मी ओळखत नाही!"

"ते दिसलंच," वसुंधराबाई म्हणाल्या. त्यांनी चहाचा ट्रे होडीच्या काठावर ठेवला. "खात्याची चूक नाही. फॉर्म मी भरलाय. तुम्ही म्हणालात तुझं नाव घाल, मी माझं घातलं. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं वसुंधरा लिहिलंत, ते तुमचं. त्याआधी वीस वर्षं मी कांचन होते."

जयवंतरावांचा हात कपापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. ताट त्यांना आठवलं. तांदूळ आठवले. अंगठी बोटात घट्ट झाली होती, हेही आठवलं. त्याआधीचं नाव काही केल्या आठवेना.

"साडेचार झाले," जगदेवराव म्हणाले. "काय लिहू?"

"कागदात आहे ते," जयवंतराव म्हणाले. "नीट लिहा. दोन्ही बाजूंना."

जगदेवरावांनी चिंधी रॉकेलमध्ये बुडवली आणि फिसकटलेली अक्षरं पुसायला घेतली. जयवंतराव तिथेच उभे राहिले. चहा संपवून त्यांनी विचारलं, "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं त्यात? त्या नावानं हाक मारणारं माहेरी आता कुणी उरलं नाही," वसुंधराबाई रिकामे कप उचलत म्हणाल्या. "नाव तसंच पडून होतं. म्हटलं, होडीला तरी होईल."