पालकबाईंचा पत्ता

"दार लोट आधी. आणि आवाज खाली ठेव," लुटी क्रंप म्हणाली. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात होते.

ओझेलाने दार लोटलं. केमिस्ट्रीत वर्गात पहिली येणारी मुलगी, पण या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ती क्षणभर अडली. घर कॉलेजातल्या गोऱ्या मुलींच्या भगिनीमंडळाचं, म्हणजे सोरोरिटीचं. दर्शनी दारावर तीन ग्रीक अक्षरं, पितळेची, रोज पुसलेली. एकोणीसशे पंचवीस सालच्या इंडियानात काळ्या मुलीने त्या दाराने यायचा प्रश्नच नव्हता, आणि मागच्या दाराने यायलाही काहीतरी काम असावं लागे. लुटीही काळीच, इथली स्वयंपाकीण.

तिने कोटातून कागद काढला आणि टेबलावर ठेवला. "मिसेस क्रंप, एक सही हवी होती. कॉलेजच्या डीनबाईंची कचेरी पाचला बंद होते. आज दिला नाही तर एकदम पुढच्या वर्षी."

"वाच काय लिहिलंय ते."

"नव्या भगिनीमंडळाला गावातली एक चारित्र्यवान, प्रौढ स्त्री पालक म्हणून हवी." ओझेलाने मान वर केली. "सातजणी आहोत आम्ही. मान्यता मिळाली तर घर भाड्याने घेऊ देतील. वसतिगृहात आम्हाला घेत नाहीत, तुम्हाला माहीतच आहे. नऊ होतो. दोघी माळ्यावरच्या खोलीत थंडीने आजारी पडल्या, त्या घरीच गेल्या."

"पाद्रीबाईंना विचारलंस?"

"त्यांचं डोकं दुखतंय."

"आणि डॉक्टरीणबाई?"

"त्या बहिणीकडे गेल्यात."

"तिला बहीणच नाही." लुटी हे हसून म्हणाली नाही. "म्हणजे सगळ्यांनी अंग काढून घेतलं आणि आता माझा नंबर. त्यांना भीती वाटते, मला नाही होय? गेल्या शनिवारी आपल्याला धाक घालायला पांढरे झगे घालून याच रस्त्याने गेले ना सगळे गोरे? तोंड झाकलं म्हणून बर्फवाल्याची चाल लपते का गं? सोमवारी तोच दारात उभा, खांद्यावर बर्फाची लादी. 'काय लुटी, बरी आहेस ना?' उचल तो कागद."

ओझेलाने कागद उचलला नाही. तेवढ्यात जिना वाजला.

भीतीने माणूस एरवी बधिर होतो. लुटी चपळ झाली. समोर लाटलेली कणीक तिने दोन्ही हातांनी उचलली आणि सरळ कागदावर पसरली. मधलं दार ढकलून मिसेस हॅविलंड आत आल्या. त्या घरातल्या मुलींवर देखरेख ठेवणाऱ्या विधवा बाई.

"लुटी, ही कोण?"

"काम मिळेल का विचारायला आलीय, बाईसाहेब."

मिसेस हॅविलंडनी ओझेलाला नखशिखांत पाहिलं. "भांडी घासता येतात का गं?"

"हो, बाईसाहेब," ओझेला म्हणाली. मान खाली, आवाज मऊ.

"शनिवारी ये मग." जाता जाता त्यांनी कणकेत एक बोट दाबलं. नेमकं कागदाच्या कोपऱ्यावर. "जरा घट्ट झालीय," असं म्हणून त्या निघून गेल्या. पावलं जिन्यावरून वर जाईपर्यंत दोघींपैकी कुणीही हललं नाही.

मग लुटीने टेबलाचा आधार घेतला.

"'हो, बाईसाहेब,'" ती हळूच म्हणाली. "केवढ्या सफाईने म्हणालीस. कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही," ओझेला म्हणाली. "तुम्ही आत्ता म्हणालात ना, तसंच म्हटलं."

हे लुटीच्या काळजाला लागलं. एकोणीस वर्षं दिवसातून पन्नास वेळा ती हे शब्द म्हणत आली होती, पण दुसऱ्याच्या तोंडून ते तिने कधी ऐकले नव्हते. आणि ही पोर एका मिनिटात शिकली होती.

तिने कणीक सोलून बाजूला काढली. कागदावर लोण्याचा मोठा डाग पडला होता. "पेन्सिल आण."

तिने पूर्ण नाव लिहिलं. मिसेस लुटिशिया क्रंप. अक्षरं तिरकी गेली. मग पेन्सिल पुढच्या ओळीवर आली आणि थांबली. राहण्याचा पत्ता.

कोळशाच्या कोठीपलीकडची खोली, तोच लुटीचा पत्ता. तिची खाट, तिची ट्रंक, तिचं सगळं याच घरात होतं. हे ओझेलाच्या आता लक्षात आलं.

"चर्चचा पत्ता घाला," ती घाईघाईने म्हणाली. "कोण बघायला जातंय?"

"वर चारित्र्यवान बाई म्हणून सही ठोकायची आणि खाली खोटा पत्ता?"

"पण डीनबाई वाचतील! लगेच इथे टेलिफोन करतील. तुम्हाला आजच्या आज बाहेर..."

"कळतंय मला. हात कापतोय तो काय थंडीने?"

तिने घराचा नंबर लिहिला, रस्त्याचं नाव लिहिलं, फुंकर मारून पीठ उडवलं आणि कागद दिला. ओझेला दाराकडे धावणार, तेवढ्यात लुटीने तिची बाही धरली.

"चारच्या आत देऊ नकोस."

"का?"

"पाव भट्टीतून पावणेचारला निघतात. कच्चे टाकून गेली असं कुणी म्हणायला नको."