पाव फेरा
"बंद कर ते," मास्तर म्हणाले. "चांगल्या गाण्याचा पार भुगा केलाय त्या पोरीने."

मिस्त्रींनी दुरुस्त केलेल्या स्पीकरवर तळहात ठेवला होता. हल्ली ते असाच हात ठेवून बसत. तापतोय का बघतो, म्हणत.

"लोकांना आवडतंय," ते म्हणाले. "तुझी मूळ गायिका आता ऐकतं कोण?"

"मूळ गायिका शब्द गिळत नव्हती. आणि हा वरचा आवाज बघ, पत्रा घासल्यासारखा."

मिस्त्रींनी मागचा स्क्रू किंचित उलटा फिरवला, मास्तरांकडे पाहिलं, आणखी किंचित फिरवला.

"आता निदान कानाला लागत नाही," मास्तर म्हणाले. "गाणं भिकार ते भिकारच."

शाळेत गाणं शिकवून मास्तर निवृत्त झाले, तेव्हापासून रोज दहाला मित्राच्या दुकानात यायचे आणि बारापर्यंत हुज्जत घालायचे. विषय एकच, मुद्देही तेच. दोघांनाही त्याचा वीट आला होता, पण सुटत नव्हतं. पूर्वी मास्तरांचं स्टूल दाराशी असे. दोन वर्षांपूर्वी मिस्त्रींनी ते टेबलासमोर, ट्यूबलाइटखाली आणून ठेवलं. भांडायचंच तर समोरासमोर, म्हणाले.

अकराला शाळेच्या मुख्याध्यापिका स्पीकर न्यायला आल्या. संध्याकाळी मुलांचा कार्यक्रम होता आणि नाच नेमका याच नव्या गाण्यावर होता.

"गेल्या वर्षी दुसरीकडून आणला, तो ऐन नाचात किंचाळला," बाई म्हणाल्या. "तुमच्या कानावर भरवसा म्हणून इथे आले. हा नीट वाजला तर शाळेचं सगळं काम तुमच्याकडे."

मिस्त्रींनी मान डोलावली. दुकानात महिन्याभरात आलेलं हे तिसरं काम होतं. शाळेचं काम हातचं गेलं, तर शटर ओढायची वेळ होती.

"पोरांना मूळ गाणं तरी ऐकवा," मास्तर म्हणाले.

"ऐकवून काय करायचंय? झोपतील," मिस्त्री म्हणाले, आणि पुन्हा जुंपली.

बाई हसल्या. "माझ्या फोनमध्ये दोन्ही आहेत. मिस्त्री, तुम्ही डोळे मिटा. मी एक लावते. नवं की मूळ, ओळखायचं. भांडण एकदाचं मिटेल."

"कशाला उगाच, बाई..." मिस्त्री म्हणाले.

"मिटा तर."

मास्तर इतक्या झटक्यात उठले की स्टूल आडवं झालं. "याची कसली परीक्षा घेता? इतकी वर्षं डोकेफोड केली, याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. कंटाळलो मी. उद्यापासून येणार नाही."

पिशवी उचलून ते चालते झाले.

बाईंचा चेहरा उतरला. "माझ्यामुळे झालं का हो?"

"नाही. तो तसाच आहे." मिस्त्रींनी स्टूल सरळ केलं. एका गाण्यापायी इतक्या वर्षांचा मित्र उठून गेला, याचं त्यांना फार वाईट वाटलं. रागावण्याचंही त्राण नव्हतं.

"राहू दे ती परीक्षा," बाई म्हणाल्या. "मैदानात लागेल तेवढा आवाज करून दाखवा. घेऊन जाते."

मिस्त्रींनी आवाज वाढवला आणि स्पीकरवर तळहात ठेवला. सवयीने त्यांची नजर रिकाम्या स्टुलाकडे गेली, मग बाईंच्या चेहऱ्याकडे. बाईंच्या कपाळाला बारीक आठी पडली होती.

"कसा वाटतो?" मिस्त्रींनी विचारलं.

"मला काय कळतंय? तुम्ही सांगा."

खिशातला फोन थरथरला. मास्तरांचा मेसेज होता. मिस्त्रींनी बाईंकडे पाठ करून वाचला.

'कोपऱ्यावर उभा आहे. पुन्हा चिरकतोय, स्क्रू पाव फेरा उलटा फिरव. तुला ऐकू येत नाही हे दोन वर्षं मी कुणाला कळू दिलं नाही, आज बाईंनाही कळायला नको.'