पांढऱ्या फडक्यावरचे ठिपके

“मारायला काय, जन्म पडलाय. आधी बघ तरी, आलंय कोण.”

लग्नाच्या पहिल्या वर्षी सून खुराड्यातल्या किड्यांवर केरसुणी उगारून उभी होती, तेव्हा हा आवाज तिच्या कानावर पडला होता. सासूबाईंनी तिचा हात धरला. कोंबड्या बसतात त्या दांड्याखालून अंथरलेलं पांढरं फडकं ओढलं आणि त्यावरचे किडे अंगठ्याने दाबून दाखवले. लाल डाग उमटला तर रक्त पिणारे, नाही उमटला तर पाहुणे.

आज खुराड्यातल्या ओल्या भुशात पुन्हा काहीतरी वळवळत होतं. राखाडी ठिपके, तिळाहून बारीक. नवरा फवारणीचा पंप भरून तयार. हे घरात शिरायच्या आत निकाल लावू, असं त्याचं म्हणणं. पण आत काबरी कोंबडी अंड्यांवर बसलेली, पिल्लं आज-उद्यावर आलेली. औषधाचा वास लागला की ती उठणार, आणि उठली की अंडी गार.

“आई म्हणेल तसं,” शेवटी तो म्हणाला. कोंबड्यांच्या बाबतीत त्या घरात आईच्या वर कुणी नव्हतं.

सुनेने फडकं दांड्याखालून ओढलं, भुशावर टेकवलं आणि पायरीवर बसलेल्या सासूबाईंच्या हाती दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ न्याहाळलं. सून बघतच राहिली. सासूबाईंच्या डोळ्यांसमोर फडक्याची कोरी बाजू होती.

“इकडून ऊन चांगलं येतंय, आई,” असं म्हणत तिने फडकं हळूच उलटं केलं. नवरा पंपाची नळी पुसत होता.

मग सासूबाई विचारत गेल्या. दाबल्यावर डाग कसला? मातकट. दांड्याच्या फटीत काही? काही नाही. बशीत पाणी घे, त्यात झटक, बुडतात का बघ. सुनेने झटकलं. ठिपके पाण्यावर तरंगले आणि पाण्यावरूनच टुणटुण उडू लागले, जसं काही कुणी त्यांच्यासाठी अंगण सारवून ठेवलंय.

“पिसवाच त्या,” नवरा म्हणाला.

पिसू कधी पाण्यावर नाचलेली पाहिलीस का, असं विचारून सासूबाईंनी त्याला पंपासकट नळावर पिटाळलं. हे ओलीतले जीव. बुरशी खातात, कोंबडीला तोंडसुद्धा लावत नाहीत. कोरडा भुसा घाला, आले तसे जातील.

सुनेने भुसा बदलला. काबरी जागची हलली नाही. सासूबाईंनी मान कलती केली. अंड्याच्या आतली टकटक पहिल्यांदा त्यांनाच ऐकू आली.

“फडकं उलटलंस ते कळलं मला,” त्या हळूच म्हणाल्या. “दिसत नाही गं, बरेच दिवस झाले. पिल्लू बाहेर आलं की रंग तेवढा सांग मला.”