उरलेला वॉशर

"उद्या गाडी नसेल तर कामावर येऊच नकोस," कुरिअरच्या साहेबांनी त्याला बजावलं होतं, आणि बिघडलेला गिअरबॉक्स दुरुस्त करायला गॅरेजवाला आठवडा मागत होता. शेवटी त्याने स्वतःच मोटारसायकलचा गिअरबॉक्स स्वयंपाकघरात खोलला. घट्ट बसलेले भाग ओढून काढायचा पुलर घरात कुठला असायला! हातोडी होती, लाटणं होतं आणि बाहेरचं केसिंग तापवून सैल करायला गॅस होता. सुटे भाग ठेवायला ओट्यावरची हाताला लागली ती ताटली ओढली.

सगळं जोडून झालं. एकेक गिअर अलगद पडला. पण ताटलीत एक वॉशर उरला.

"पडतायत ना गिअर? मग सोड त्या वॉशरचा नाद," बाबा म्हणाले.

"बाबा, भर रस्त्यात गिअरबॉक्स जाम झाला तर जिवावर बेतेल माझ्या!"

त्याने रडकुंडीला येऊन पुन्हा सगळं खोलायला घेतलं. घट्ट बसलेलं केसिंग काही केल्या सुटेना. फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून त्याने सगळा जोर लावला, आणि केसिंगला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला. तो डोकं धरून तिथेच बसला.



बायको ओट्यापाशी काहीतरी शोधत होती. "अहो, इथल्या ताटलीत मी मिक्सरच्या भांड्यातल्या पात्याखालचा स्टीलचा वॉशर काढून ठेवला होता. दिसला का कुठे?"