रुसलेला ओ देत नाही

सर्वपित्रीच्या भर दुपारी, दिवा गावच्या खाडीवर, शेवंतीकाकीनं मिठाची टोपली बांधावर पालथी घातली आणि तीनदा लेकाला हाक मारली. "सर्वेश रं!" मग चालणारा एकच कान, उजवा, पाण्याकडे करून उभी राहिली. खाडीत बुडालेल्याला अशी हाक घातली की तो ओ देतो. रुसलेला असला तरच देत नाही.

हे चौथं वर्ष. ओ नाही. पोर गेला त्या सकाळी काकी त्याला ताडताड बोलली होती, त्यामुळे तो का रुसलाय हे तिला पक्कं ठाऊक होतं. सर्वपित्री जवळ आली की तिला अन्न जात नसे.

तिची ही हकिकत कुणीतरी सांगितल्यापासून ठाकुर्लीच्या रसिकाची झोप उडाली होती. कारण ही प्रथा रसिकानंच रचली होती. सहा वर्षांपूर्वी, एका पुरवणीचं पान भरायला, पंख्याखाली बसून, अर्ध्या तासात. रुसव्याची ओळ तर जागा उरली म्हणून टाकलेली. ते कात्रण मोबाइलवरून गावोगाव फिरलं आणि दुसऱ्याच वर्षी काकीच्या गावातले सगळ्यांत म्हातारे धाकूबुवा, आपला आजा हेच करायचा म्हणून शपथा घ्यायला लागले. आता बोला.

म्हणून आज ती बांधावर आली आणि काकीच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन तिनं सगळं कबूल केलं. याला इंग्रजीत शब्दसुद्धा आहे म्हणाली, फेकलोर. लोकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं ते फोकलोर. फोक म्हणजे लोक. पंचाहत्तर वर्षांपूर्वी एका अमेरिकन प्राध्यापकानं त्यातले लोक काढले आणि त्या जागी फेक, म्हणजे खोटं, बसवलं.

काकीला त्या प्राध्यापकाशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, "मंग माजा पोर माज्यावर रुसला नाय?"

"नाही, काकी. रुसव्याचं मीच लिहिलं."

काकी मटकन खाली बसली. रसिकाला वाटलं, आता शिव्या पडणार; पडायलाच हव्या होत्या. पण काकी पोटभर रडली, नाक पुसून हसली, आणि भूक लागलीय म्हणाली. टोपली तिनं पाण्यात सोडून दिली. दोघी गावाकडे वळल्या, काकीचा बहिरा कान पाण्याच्या बाजूला.

दहा पावलं गेल्या असतील. मागून, पाण्यावरून, स्वच्छ आवाज आला.

"ओ, आये."

रसिकानं थबकून मागे पाहिलं. बांधावर चिटपाखरू नव्हतं. ही ओ खरी, तर इतक्या वर्षांचा रुसवाही खरा.

"का गो, थांबलीस?" काकीनं विचारलं.

रसिका तिच्या उजव्या बाजूला गेली, तिचा हात घट्ट धरला आणि जेवायला काय करायचं ते कानात मोठमोठ्यानं विचारायला लागली. मागून दुसऱ्यांदा ओ आली, तसा तिनं आवाज आणखी चढवला.