शेजाऱ्याचा जबाब

"शेटजी, एकच इचारायचं ऱ्हायलं," हवालदार हणमंत म्हणाला. "वकीलसायबांच्या घरातनं कदी भांडणतंटा, मारझोड, असलं कायी ऐकू येतंय का?"

किराणा दुकानदार चनमल्लप्पाने कप बशीत ठेवला. शेजारचे शिवपुत्र वकील न्यायाधीशाच्या जागेसाठी निवडले गेले होते. नेमणुकीचा हुकूम निघायच्या आधी त्यांच्या वागणुकीची गल्लीत चौकशी चालली होती. सोलापूरच्या आपल्या एवढ्याशा बोळातला माणूस जज्ज होणार म्हणून सगळी गल्ली फुशारून गेली होती. चनमल्लप्पा तर जरा जास्तच, कारण दोन्ही घरांत भिंत एकच होती.

त्या भिंतीमुळेच त्याला सगळे ठाऊक होते. वकिलांचा आवाज कधी चढत नसे. आधी आतली कडी लागायची, मग पट्टा वाजायचा, मग त्यांची बायको महादेवी तोंडात पदर कोंबून रडायची. मागच्या दसऱ्याला तिच्या कपाळाला खोक पडली, तेव्हा चनमल्लप्पाच्या बायकोने, काशम्मानेच तीत हळद दाबली होती. "न्हाणीत पाय घसरला, अक्का," असे महादेवी म्हणाली आणि काशम्माने ते खरे मानल्यासारखे केले. ह्यालाच गल्लीत शेजारधर्म म्हणत.

"कसं हाय शेटजी," हवालदार आवाज खाली आणून म्हणाला, "उद्या नवऱ्यानं टाकलेल्या, मार खाल्लेल्या बायका ह्यांच्याच म्होरं न्याय मागाय येणार. कायी आसंल तर आत्ताच सांगा. तुमचं नाव भाईर जायाचं न्हाय. एकदा का माणूस त्या खुर्चीत बसला, की मग त्याला कोण इचारतंय?"

माणूस भला होता. आणीबाणी उठून वर्ष झाले तरी खाकी कपडे दिसले की चनमल्लप्पाला धास्ती वाटे. पण ह्याची काही भीती वाटेना. वाटली असती तर बरे झाले असते, निदान दोष तिच्यावर ढकलता आला असता.

स्वयंपाकघराच्या दारात काशम्मा उभी होती. पिठाचे हात तसेच धरून ती नवऱ्याकडे पाहत होती. चनमल्लप्पाने मान फिरवली. उद्या वकील ओट्यावर समोर आले तर काय तोंड दाखवायचे, हे एक. आणि जज्जाचा शेजारी म्हणवून घ्यायची हौस, हे दुसरे.

"छे, छे!" तो हसला आणि नको तेवढ्या मोठ्याने बोलला. "भिंत एक हाय खरी, पण लई जाड हाय बगा. जुनं दगडी काम. पलीकडचं कायबी ऐकू येत न्हाय. आन् माणूस म्हणाल तर देव हाय की!"

हवालदाराने वही उघडली. मग त्याने ते जसेच्या तसे लिहून घेतले आणि चनमल्लप्पाने खाली सही केली.

तो गेल्यावर काशम्मा पुन्हा परातीशी बसली.

"कुणाचं चांगलं होत आसंल तर आपण कशाला मोडता घालायचा?" चनमल्लप्पाने विचारले. ती कणीक मळत राहिली. त्याला स्वतःची लाज वाटू लागली आणि लाज वाटते म्हणून बायकोचाच राग आला. जेवणातही मन लागेना.

संध्याकाळी महादेवी पेढे घेऊन आली. डोक्यावरचा पदर तिने कपाळाच्याही खाली ओढला होता.

"ह्यांनी दिलेत, अण्णा. तुमी चांगला जबाब दिला म्हणून."

"त्यांना कसं कळलं? ते तर कोर्टात हुते."

"मीच सांगितलं की. दुपारी भिंतीपाशी शेंगा फोडत बसले हुते."

चनमल्लप्पाने पेढा घ्यायला पुढे केलेला हात तसाच राहिला. काशम्माने खाली पाहिले.

महादेवीने पुडा त्याच्यापुढे ठेवला, दारापर्यंत गेली आणि वळली.

"तुमाला कायबी ऐकू येत न्हाय म्हणल्यावर माझा जीव भांड्यात पडला बगा, अण्णा. इतकी वर्सं मला वाटायचं, माझ्यामुळं तुमची झोपमोड होत आसंल."